सहीच्या वरची जागा

दुधराम कोणत्या साली वारला, असे फोनवरच्या बाई विचारत होत्या आणि दुधराम फाटकाशी उभा राहून वांगी तोलत होता. केशोराव गुरुजींनी फोन कानापासून थोडा दूर धरला आणि पुन्हा जवळ आणला. दुधराम सायकलच्या कॅरिअरवरच्या टोपलीतून एकेक वांगे उचलत होता, देठाला धरून फिरवत होता, कीड नाही ना ते पाहून तागडीत टाकत होता. राईस मिलच्या चिमणीतून उडालेली कोंड्याची काळी राख त्याच्या बाहीवर बसली होती. त्याने ती फुंकून उडवली. फुंकरीने राख उडाली, हे गुरुजींनी नीट पाहिले. "सर, ऐकू येतंय ना?" बाईंचा आवाज विद्यार्थ्यांना मदत देणाऱ्या नागपूरच्या न्यासाच्या कार्यालयातून येत होता, मऊ आणि घाई नसलेला. "घाबरू नका, किरकोळ गोष्ट आहे. खुशबू टेंभरेची मदत यंदा पुढे चालू करायची आहे. मागच्या वर्षीच्या तुमच्या पत्रात तिचे वडील वारल्याचं लिहिलंय. पण यंदा तिनं कॉलेजचं रॅगिंगविरोधी हमीपत्र जोडलंय, आणि त्यावर पालक म्हणून सही आहे दुधराम टेंभरे. काकांनी वगैरे केली असेल, गावाकडे होतं असं. प्रतीक्षा यादीत पुढचं नाव देवरीकडच्या एका मुलाचं आहे, चंद्रकुमार म्हणून. तोही मेडिकललाच आहे, त्यालाही वडील नाहीत. म्हणून विचारून घेते. तुमच्या मुलांचे दाखले आम्ही मागत नाही सर, तुमचा कागद पुरे असतो." समिती साडेचारला बसणार होती. गुरुजी म्हणाले, चार वाजता सांगतो. बाई म्हणाल्या, मीच करते फोन.

"काऊन जी गुरुजी, चेहरा काऊन उतरला?" दुधरामने पिशवी पुढे केली. "बीपीची गोळी घेतली का नाई? तुमच्या हातची पोट्टी डाक्टर होऊन राहिली, तिलेच दाखवा एखाद दिवशी. फुकटात होऊन जाईल." तो स्वतःच्याच बोलण्यावर हसला आणि वांग्यांवर कोथिंबिरीची एक मोठी मूठ ठेवली. "हे वरून." वर्षभर तो रोज काहीतरी वरून देत होता. कामठ्याच्या घरून फुलचूरला गुरुजींच्या दारी सायकलने येईतो त्याला घाम फुटलेला असे. गुरुजी म्हणत, अरे, इतके कशाला, आम्ही दोघेच तर खाणारे. त्यांचा मुलगा भूपेंद्र अपघातात गेल्यापासून घरात ते आणि पत्नी सुशिलाबाई एवढेच होते. दुधराम म्हणे, राहू द्या जी, तुमचं देनं कुठं फिटते. आज गुरुजींनी नुसती पिशवी घेतली, आणि घेताना त्यांचे बोट दुधरामच्या बोटाला लागले. बोट गरम होते. आपण हे तपासून पाहिले, या विचाराने त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

न्यासाकडच्या त्या पत्रावर सही कोणाची, हा प्रश्नच नव्हता. सही त्यांचीच होती. खाली गोल शिक्का, सेवानिवृत्त मुख्याध्यापक. देताना वर कागद कोरा. हे त्यांनी निवृत्तीनंतर सुरू केले होते, आणि त्यामागे एक पोरगा होता, ओमेश. त्याला एका मदतीसाठी शिफारसपत्र हवे होते आणि गुरुजी नेमके बालाघाटला लग्नाला गेले होते. पोरगा पुण्याहून रात्रभर गाडीत उभा राहून आला, कुलूप पाहून पायरीवर बसला, दुसऱ्या दिवशी परत गेला आणि त्याची तारीख चुकली. ओमेशला पुढे त्यांनी कोरे कागदच पाठवले, आणि तेव्हापासून बारावी होऊन बाहेर निघालेल्या प्रत्येक पोराला गुरुजी निरोपाच्या वेळी दोनतीन कागद देत. खाली सही, शिक्का. वर काय लिहायचे ते तू लिही, तुझे तुला ठाऊक. सुशिलाबाई म्हणत, असे कोरे कागद कोणी देते का हो? गुरुजी हसत. चाळीस वर्षे त्यांनी हेच केले होते. पहिलीतल्या पोराच्या हातात कोरी पाटी द्यायची आणि बाजूला उभे राहायचे. पोर काय काढते ते पाहायचे. पाटीवर पोर खोटे काढत नाही, असा त्यांचा अनुभव होता. ते गाय काढते आणि तिला सहा पाय देते, पण त्याला ती तशीच दिसलेली असते. खुशबूला त्यांनी दोन कागद दिले होते. मेडिकलला नंबर लागल्याचे कळले त्या दिवशी ती पेढे घेऊन आली होती. वाकून पाया पडली तेव्हा तिच्या वेणीला करडईच्या तेलाचा वास होता, पहिलीत होता तोच.

खुशबूच्या मेडिकल कॉलेजला जायला ते ऑटोत बसले तेव्हा साडेदहा झाले होते. "मास्टरजी, पुल पे जाम है, घुमा के लेता हूँ," ऑटोवाला म्हणाला आणि गुरुजींनी मान डोलावली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मिलमध्ये धान उकडल्याचा ओला, आंबूस वास होता. मोतीबिंदू काढलेल्या उजव्या डोळ्याला सगळे जरा निळसर दिसे, डाव्याला पिवळट. लहानपणी खुशबूला त्यांनी हे सांगितले असते तर तिने एकेक डोळा झाकून दिवसभर जग तपासले असते. तशी ती होती. कामठ्याच्या शाळेत एकदा त्यांनी विचारले, बेडकाला कान असतात का? बाकीची पोरे एकमेकांकडे पाहू लागली. ही मधल्या सुट्टीत बेडूक पकडून आणून त्याच्याशी बोलत बसली, ऐकतो का ते पाहायला. ते आठवून त्यांना नेहमी हसू येई. आज आठवले आणि हसू आले नाही. कारण त्या आठवणीतल्या पोरीच्या हातात आता त्यांचा कागद होता. आणि खुशबूच का? बाकीच्यांच्या हातातही होता. ओमेश आता पुण्यात इंजिनिअर आहे, दर दिवाळीला फोन करतो. त्याने काय लिहिले होते? गुरुजींनी कधी विचारले नव्हते. कुठल्या कुठल्या शहरांत, कोणकोणत्या कपाटांत, आपण काय काय बोलून बसलो आहोत? कोणाला मारले, कोणाला अपंग केले, कोणाचे घर जाळले? ऑटो खड्ड्यात आदळली. गुरुजींनी समोरची दांडी घट्ट धरली.

खुशबू वॉर्डातून धावतच आली. पांढरा कोट, खिशात कोंबलेला स्टेथोस्कोप, डोळ्यांखाली जागरणाच्या रेघा. "गुरुजी! तुम्ही? काकूंना बरं नाही का? कुठे आहेत, कॅज्युअल्टीत?" तिने त्यांचे मनगटच धरले, नाडी पाहायला धरतात तसे. काकू बरी आहे, म्हणताच ती मोकळी हसली आणि त्यांना फाटकाबाहेरच्या टपरीवर घेऊन गेली. चहात साखर कमी टाकायला तिने आपण होऊन सांगितले. गुरुजींना वाटले, विचारूच नये. चहा प्यावा, अभ्यास कसा चालला म्हणावे आणि परत जावे. पण ते म्हणाले, "दुधराम कधी वारला?"

ती चहावर फुंकर घालत होती, ती थांबली. नाही म्हणाली नाही. लहानपणीही गृहपाठ केला नसेल तर ती सबब सांगत नसे, वही उघडून कोरे पान समोर धरी. "कोणी विचारलं?" "न्यासातून फोन होता." "मग तुम्ही काय सांगितलं?" "चारला सांगतो म्हटलं." "म्हणजे अजून सांगितलं नाही," ती म्हणाली आणि तिचे खांदे खाली आले. ते खाली येणे गुरुजींना आवडले नाही.

"पहिल्या कागदावर मी खरंच लिहिलं होतं," ती हळू आवाजात बोलू लागली. "मुलगी हुशार आहे, कष्टाळू आहे, घरची परिस्थिती बेताची आहे. पाठवायच्या आधी त्यांच्या ऑफिसात फोन केला, तर एक जण म्हणाला, वडील नसलेल्यांना आधी देतो, मग उरलं तर बाकीच्यांना. घरची परिस्थिती बेताची, हे तर सगळ्यांच्याच पत्रात असतं ना गुरुजी. मग तो फाडला."

"आणि दुसऱ्यावर बापाला मारलं."

"बाबांनीच सांगितलं." तिने त्यांच्याकडे पाहिले. "मी रडून राहिली होती. बाबा म्हणे, 'माह्या मेल्यानं तुहं भलं होऊन राहिलं तं लिव्हून टाक. गुरुजीच्या कागदावर लिवलं का कोनी इचारत नाई.'"

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. वावराच्या धुऱ्यावरून, बांधावरून चालताना पायाखालची ओली माती सरकावी, तसे गुरुजींना झाले होते. पडलो नाही, पण पाय कुठे आहे ते कळत नाही. गुरुजीच्या कागदावर लिवलं का कोनी इचारत नाई. म्हणजे बापलेकीने चुलीपाशी बसून हे ठरवले होते. त्यांच्या भल्या नावाचा नेमका उपयोग काय, याचा दोघांनी मिळून विचार केला होता. आणि त्यानंतर दुधराम वर्षभर रोज फाटकाशी येत होता, रामराम घालत होता, बीपीची चौकशी करत होता. ते मूठभर 'वरून' कशासाठी होते, हे आता कळले. कोणी आपल्याला वर्षभर रोज फसवत होते आणि रोज त्याची थोडी भरपाईही आणून देत होते, आणि आपण ती पिशवीत घेऊन आत जात होतो, फोडणीत टाकून खात होतो. त्यांच्या तोंडात कोथिंबिरीची चव आली.

"तुम्ही रागावले," खुशबू म्हणाली.

"मी तुला हे शिकवलं?"

"शिकवलं नाही. पण केलं ना." ती उद्धटपणे बोलत नव्हती. अडलेले गणित सोडवून दाखवावे तशी बोलत होती. "रोवणीच्या दिवसांत मी आईसोबत वावरात असायची आणि हजेरीपटावर शाळेत. सोळा दिवस. नाहीतर माझा शिष्यवृत्तीचा फॉर्म गेला नसता. तुम्हीच लिहिली ना हजेरी? मी पाहिलं होतं. तुम्ही लाल पेनानं नाही, निळ्यानं लिहीत होते, हळूहळू."

"ते आणि हे सारखं नाही."

"काऊन?"

"त्यानं कोणाचं काही गेलं नाही."

"यानं कोणाचं जाऊन राहिलं?"

"चंद्रकुमार म्हणून एक पोर आहे, देवरीकडचं. त्याला खरंच बाप नाही."

कपाच्या काठावरून तिने अंगठा फिरवला. मग म्हणाली, "त्याला तुम्ही पाहिलंय का गुरुजी? मला पाहिलंय." आणि कप खाली ठेवून, "मदत थांबून नुसती मेस सुटली तर मी एक वेळ जेवून काढीन. पण पत्र खोटं निघालं तर न्यास कॉलेजला कळवतो. मग कॉलेजातून माझं नावच जातं." फाटकातून कोणीतरी तिला हाक मारली. ती उठली, दोन पावले गेली, परत आली आणि चहाचे पैसे देऊ लागलेल्या गुरुजींचा हात तिने बाजूला केला. "माझे पाहुणे आहेत," ती टपरीवाल्याला म्हणाली.

सुशिलाबाईंनी सगळे ऐकून घेतले. त्या वांगी चिरत होत्या. "सांगून टाका हो म्हणून," त्या म्हणाल्या. "एका शब्दानं तुमचं काय झिजते? तुम्ही हो म्हटल्यानं दुधराम काही मरत नाही." "आणि तो दुसरा पोरगा?" "त्याचं पाहणारं त्याचं कोणी असेल. आपलं कोणी उरलं आहे का? ही एक पोरगी येते, काकू म्हणते." विळीवरचा हात थांबला, मग त्या पुन्हा वांगी चिरू लागल्या. गुरुजी जेवले. जेवल्यावर झोप आली नाही. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर त्यांनी आपली सही करून पाहिली. एकदा, दोनदा, पाच वेळा. सही त्याच वळणाची येत होती, तिला काही झाले नव्हते. त्या सहीच्या वर ते पाहत राहिले. कागदाच्या कडेला आणखी एखादी ओळ मावेल एवढी जागा होती. त्यांना एवढेच कळेना की आपल्याला राग कशाचा आला आहे. खोटेपणाचा म्हणावा तर हजेरीपट आठवतो. फसवले म्हणावे तर विचारल्यावर त्या पोरीने एका शब्दाने काही लपवले नाही. तरी आत कुठेतरी ठणकत होते, बोट घालून जागा सापडत नव्हती. तीन वाजता त्यांनी ठरवले. हो म्हणायचे. चंद्रकुमारला उद्या आपण होऊन पत्र लिहू, दुसरी एखादी मदत शोधून देऊ, चार लोकांना भेटू. एकदा ठरल्यावर बरे वाटले. त्यांनी वाक्यही जुळवले, होय बाई, सही तिच्या काकाची आहे, गावात दोघांना एकाच नावाने ओळखतात. दोनदा पुटपुटून पाहिले. दुसऱ्या वेळी ते जवळजवळ खरे वाटले.

चारला पाच मिनिटे कमी असताना फोन आला. गुरुजी म्हणाले, "बाई, आमचं वय झालं, सालं आठवत नाहीत. पत्रात मी काय लिहिलं होतं ते जरा वाचून दाखवता? म्हणजे चूक व्हायला नको." खरोखरच चूक व्हायला नको होती. त्यांचे म्हणणे कागदाशी जुळायला हवे होते. "वाचते ना," बाई म्हणाल्या. "खरं सांगू का सर, हे पत्र वाचून आमच्या समितीतल्या एका गृहस्थांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं." कागद उलगडल्याचा आवाज आला. बाई वाचू लागल्या आणि गुरुजी सवयीने शिक्षकाच्या कानाने ऐकू लागले. वाक्ये लहान होती, जागच्या जागी थांबत होती. पाल्हाळ लावू नकोस, जे पाहिले ते लिही, असे ते तिला किती वेळा सांगत. "...कुमारी खुशबू हिचे वडील गतवर्षी दिवाळीनंतर अकस्मात निधन पावले. मी स्वतः त्या दिवशी त्या घरी होतो. घर माणसांनी भरले होते. आत रडणे चालले होते. ही मुलगी रडली नाही. ती अंगणात आली आणि आलेल्या माणसांच्या चपला जोडीजोडीने लावू लागली. सगळ्या लावून झाल्या. एकीची जोडी सापडली नाही. ती एक चप्पल हातात घेऊन ती बराच वेळ उभी होती. कोणी तिला हाक मारली नाही..."

आमगावच्या रस्त्यावरून भूपेंद्रला आणले तेव्हा ते कामठ्याला भाड्याच्या घरात राहत होते. घरात जागा नव्हती. बायका सुशिलाबाईंना धरून बसल्या होत्या. गुरुजी बाहेर आले होते, कारण त्यांना श्वास घेता येत नव्हता, आणि बाहेर चपलांचा खच पडला होता. शाळेत रोज ते पोरांना चपला ओळीत लावायला सांगत. ते खाली बसले आणि लावू लागले. डावीशेजारी उजवी. लहान एका बाजूला, मोठ्या एका बाजूला. त्यांच्यापुरता तोपर्यंत मुलगा मेला नव्हता. ओळ पूर्ण होईतो मरणार नव्हता. मग एक चप्पल उरली, निळ्या पट्ट्याची, आणि ती हातात घेऊन ते उभे राहिले. हे त्यांनी कोणाला सांगितले नव्हते. सुशिलाबाईंनाही नाही. इतक्या वर्षांत रात्री जाग आली की ते मनातल्या मनात त्या अंगणात जाऊन येत, एकटे, कोणाला कळू न देता. ती त्यांची जागा होती. त्यांना वाटत होते, तिथे कोणी नव्हते. पण कुठेतरी, हापशापाशी किंवा कुडाच्या आड, सातवीतली एक पोरगी उभी होती. तिने पाहिले. जे पाहिले ते लिहिले.

"सर?" बाई म्हणाल्या. "इथपर्यंत बरोबर आहे ना?"

"दुधराम जिवंत आहे," गुरुजी म्हणाले. "आज सकाळी माझ्या दारात होता."

पलीकडे कागद पुन्हा उलटल्याचा आवाज आला. "पण हे पत्र..."

"सही माझी आहे. वरचं माझं नाही. मी कागद कोरा दिला होता."

"कोरा?" बाईंना ते समजायला वेळ लागला. मग त्यांचा आवाज बदलला, मऊपणा तसाच होता पण मागे सरकला. "असे कागद आणखी कोणाला दिले आहेत, सर?" गुरुजी म्हणाले, पुष्कळांना. बाई म्हणाल्या, मला हे समितीपुढे ठेवावं लागेल. मग फोन बंद झाला.

ते खुर्चीत बसून राहिले. आपण खरे बोललो, असे त्यांनी स्वतःला सांगून पाहिले. चंद्रकुमारसाठी बोललो, असे सांगून पाहिले. त्या पोराचा चेहरा डोळ्यांपुढे आणायचा त्यांनी प्रयत्न केला, देवरीचा स्टँड आठवला, रानाकडून येणारी पोरे आठवली, पण चेहरा काही येईना. फोनवर तो शब्द तोंडातून गेला त्या क्षणी चंद्रकुमार कुठेच नव्हता, हे त्यांना ठाऊक होते. स्वयंपाकघराच्या दारात सुशिलाबाई उभ्या होत्या. त्यांनी ऐकले होते. त्या वळून आत गेल्या.

न्यासाकडून कळण्याआधी आपण सांगायला हवे, एवढे गुरुजींना वाटले. त्यांनी नंबर लावला. खुशबूने लगेच उचलला. मागे ढकलगाडीच्या चाकांचा आवाज होता, एक बाळ रडत होते.

"खुशबू, मी सांगितलं."

"काय?"

"दुधराम जिवंत आहे म्हणून."

चाके लांब गेली. बाळ रडतच होते. गुरुजींना वाटले, ती आता रडेल किंवा भांडेल, आणि दोन्हीसाठी ते तयार होते. पण त्याआधी त्यांच्याच तोंडून निघाले, "ते चपलांचं काऊन लिहिलंस?"

"तेवढंच खरं होतं माझ्याजवळ," ती म्हणाली. आवाज सपाट होता. मग म्हणाली, "ठेवू का, सर?"

पहिलीपासून ती त्यांना गुरुजीच म्हणत आली होती, म्हणून त्यांना वाटले, कोणी मोठे डॉक्टर जवळून गेले असतील, त्यांना ती काहीतरी विचारते आहे. ते थांबले. त्यांचे बोलणे होऊ द्यावे म्हणून फोन कानाला धरून तसेच थांबले.

"ठेवू का, सर?" तिने पुन्हा विचारले.